इगो, मान आणि अबोला: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात कोणाचं कोणाशी बिनसलं की दोन्ही घरांतून एकच निदान ऐकू येतं, "तेचो इगो आसा, दुसरा काय नाय." कुडाळच्या बाजारापासून दापोलीच्या एसटी स्टँडपर्यंत हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. समुपदेशनाच्या कामात त्यावरून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते. उदाहरणांतलं कुठलंही घर कोणा एकाचं नाही. तीन-चार घरं मिसळून एक केलंय, तेव्हा आपलं घर शोधत बसू नका.

इगो म्हणजे नेमकं काय?

आपण कोण, आपल्याला काय जमतं, आपलं काय आहे आणि लोकांनी आपल्याशी कसं वागावं, याचा हिशोब प्रत्येकाच्या मनात सतत चालू असतो. तो हिशोब ठेवणारा जो 'मी', तो इगो. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने १९२३ साली मनाची तीन भागांत मांडणी केली. एका बाजूला 'आत्ताच हवं' म्हणणाऱ्या इच्छा. दुसऱ्या बाजूला आईबापांकडून आणि समाजाकडून आत मुरलेलं 'हे शोभत नाही'. आणि मधे, बाहेरची परिस्थिती बघून या दोघांचं जमवून घेणारा कारभारी. हा कारभारी म्हणजे इगो. त्याच्याशिवाय माणूस नम्र होत नाही, कोलमडतो.

रोजच्या बोलण्यात 'त्याला इगो आहे' याचा अर्थ एवढाच, की हा कारभारी मालकासारखा वागायला लागलाय.

आपल्याकडे तर अहंकार हा शत्रूच मानलाय ना?

षड्रिपूंची यादी एकदा मोजून बघा: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. त्यात मद आहे, अहंकार नाही. सांख्य दर्शनात अहंकार हे सृष्टीच्या उभारणीतलंच एक तत्त्व आहे. आधी बुद्धी, तिच्यातून अहंकार, आणि अहंकारातून मन आणि इंद्रियं. वेदान्तातही मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार मिळून अंतःकरण होतं. 'हे मी केलं, हे माझं झालं' अशी नोंद करणारं काहीतरी आत हवंच, असं ही मंडळी धरून चालतात. त्याच्या पलीकडे कसं जायचं हा साधकाचा प्रश्न. सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्या आणि मुलांची फी भरणाऱ्या माणसाला तो प्रश्न आधी सोडवायची गरज नाही.

एक सावधगिरीची सूचना. 'माझा अहंकार पूर्ण गेला' असं सांगत फिरणाऱ्यापासून दोन हात लांब राहा.

मग इगो चांगलाही असतो?

परड्याला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नसलं तर शेजारची गुरं भाजी खाऊन जातात. गडग्याला बेडं, म्हणजे ये-जा करायचं फाटक, ठेवलं नाही तर आपल्यालाच उड्या मारून ये-जा करावी लागते. निरोगी इगो म्हणजे बेडं असलेला गडगा. नको त्याला अडवतो, हव्या त्याला आत घेतो.

प्रत्यक्षात तो कसा दिसतो ते बघा. बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागलाय. तरी दोन होड्या निघतात. तिसऱ्या होडीचा तांडेल आभाळाकडे बघतो, नवीन आलेल्या खलाशाकडे बघतो आणि होडी वर ओढायला सांगतो. संध्याकाळी त्या दोन्ही होड्या सुरमई घेऊन सुखरूप परत येतात. लिलावाच्या जागी सगळ्यांसमोर तांडेलाची थट्टा होते, "काय रे, बायकोन सोडल्यान नाय?" तो हसतो, बिडी पेटवतो. दुसऱ्या दिवशी बावटा तसाच असतो आणि तो पुन्हा जात नाही.

दुखावलेल्या इगोचा माणूस दुसऱ्या दिवशी हटकून गेला असता. मासळीसाठी नव्हे, त्या लिलावाच्या जागेवरच्या लोकांना दाखवण्यासाठी. स्वतःबद्दल कोणाचं मत किती मोठं आहे यावरून मी इगो ओळखत नाही. त्या मताला धक्का लागल्यावर माणूस काय करतो, ते बघते.

आमच्या गावात बढाया कोणी मारत नाही. माणसं साधी आहेत. इगो कुठून आला?

बढाई मारणारा आपल्याकडे टिकतच नाही. नाक्यावर त्याला असं नाव ठेवतात की ते नातवापर्यंत चालतं. म्हणून इथला इगो आवाज चढवत नाही, तो बोलणं बंद करतो.

गणपतीतलं एक दृश्य बहुतेकांनी पाहिलेलं असेल. मूळ घर, माजघरात गणपती, माटवीला कवंडळं बांधलेली. आरतीला दोन सख्खे भाऊ उभे. एकाच्या हातात घंटा, दुसऱ्याच्या हातात टाळ. मध्ये फार तर चार फूट अंतर. कापूर संपतो. थोरला समोर बघत आपल्या मुलाला सांगतो, "काकाक सांग, कापूर दी." पोरगं मान वळवतं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतं. काका कापराची डबी पोराच्या हातात देतो, पोरगं बापाच्या हातात देतं. आरती पुढे चालू. बायकांचं एकमेकींशी छान बोलणं असतं, मुलं एका ताटात जेवतात. फक्त हे दोघे बोलत नाहीत. कारण विचाराल तर दोघेही वेगवेगळं सांगतील. कारण काहीही असो, आता 'आधी तो बोलू दे' एवढंच उरलंय.

कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी मोठेपणा मिरवला नाही. पण हा इगो मोटार घेऊन गावात हॉर्न वाजवत फिरणाऱ्यापेक्षा जास्त खातो, आणि खातो घरातल्याच माणसांना. त्या पोराला विचारा.

स्वाभिमान आणि इगो यातली रेघ कुठे मारायची?

सोपी कसोटी अशी: कोणी बघणारं नसतं तर तुम्हाला हे तेवढंच लागलं असतं का? मजुरी कमी दिली, बापाच्या जातीवरून टोमणा मारला, बायको म्हणून हात उगारला, हे एकांतातही लागतं आणि लागायलाच हवं. तिथे उभं राहणं म्हणजे स्वाभिमान. पालखी आपल्या दारात शेजाऱ्याच्या नंतर आली, हे मुख्यतः चार लोकांनी बघितलं म्हणून लागतं.

पण इथे घाईने 'इगो' म्हणून मोकळं होऊ नका. कोकणातले मानपान ही नुसती हौस नव्हे. गावऱ्हाटीत, म्हणजे देवळाच्या आणि मानाच्या परंपरागत व्यवस्थेत, कोणाचा नारळ पहिला, पालखीला खांदा कोणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यात घराण्याची गावातली जागा असते. ज्या घराण्यांना मानाच्या यादीत कधी घेतलंच नाही त्यांनी जागा मागितली, की जुने मानकरी म्हणतात, "आता यांचे इगो वाढले." वरच्या पायरीवरच्याने खालच्याला उद्देशून हा शब्द वापरला, की मी दोनदा तपासते. पुष्कळदा ज्याला इगो म्हटलं जातं ती साधी बरोबरीची मागणी असते.

सामाईक जमिनीचा वाद हा हक्काचा प्रश्न आहे की इगोचा?

दोन्ही असतात, आणि ते वेगळे काढले नाहीत तर वकिलाच्या फीशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

आपल्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची नावं असतात. काही वारस मुंबईत, काही वारलेले, वारसनोंदी अर्धवट. जमिनीचा तुकडा लहान, त्यात कलमं एकाने लावलेली, विहीर दुसऱ्याने बांधलेली. कायद्याची वाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे सगळे सहधारक सहमत असले तर तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. वाट अडते ती 'सगळे सहमत' या दोन शब्दांवर. कोणाला किती गुंठे हे पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. पण पहिली सही कोणी करायची? कागद घेऊन कोणी कोणाच्या घरी जायचं? ज्याने कागद नेला तो 'नमला'. मे संपत येतो, सामाईक घराची शाकारणी राहते, वळचणीचा वासा कुजतो आणि दोघेही म्हणतात, "घर पडलं तरी चालेल."

'पडलं तरी चालेल' हे वाक्य ऐकलं की समजावं, हक्काचा भाग संपला. हक्क मागणाऱ्याला घर हवं असतं.

बहिणीने हिस्सा मागितला. आता भाऊ म्हणतो, तिला इगो आलाय. खरं कोणाचं?

हा प्रश्न बायका मला हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने उत्तर देते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, आणि २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यातच दुरुस्ती होऊन तो देशभर लागू झाला. लग्न झालं म्हणून हा हक्क जात नाही. तेव्हा बहिणीने मागितला तो कायद्याने तिचाच असलेला हिस्सा.

भावाला जे लागतं ते निराळंच असतं. इतकी वर्षं तो 'देणारा' होता. भाऊबीजेला साडी, मे महिन्यात आंब्याची पेटी, बाळंतपणाला माहेर. देणारा म्हणून त्याचं स्वतःबद्दलचं एक चित्र होतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं, प्रेमाने केलेलं होतं. हिस्सा मागितला की त्या चित्राला तडा जातो. मग 'माहेर तुटेल' ही भाषा सुरू होते आणि तलाठ्याच्या कचेरीबाहेर हक्कसोडपत्र पुढे येतं.

सही करायची की नाही हे बहिणीने ठरवावं, वकिलाला विचारून आणि घाई न करता. भावाला माझं सांगणं असतं की तुझं देणं खोटं नव्हतं आणि तिचा हिस्साही खोटा नाही. या दोन गोष्टी एका वेळी मनात ठेवता आल्या तर इगो तब्येतीने बरा आहे.

चाकरमानी आले की गाववाल्यांशी खटके का उडतात?

दोघांनाही आपलं कमी मोजलं गेलंय असं वाटतं म्हणून. मुंबईकर म्हणतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे माझे आणि मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकत नाही. गाववाला म्हणतो, बारा महिने दिवा मी लावतो आणि हा पाच दिवस येऊन मला शिकवतो. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. मीटिंग शिमग्याच्या गर्दीत, रात्री अकराला घेऊ नका, एवढ्यानेही निम्मे खटके कमी होतात.

निवृत्त झाल्यावर किंवा खुर्ची गेल्यावर माणूस इतका का खचतो?

दशावतारी नटांबद्दल आपल्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. राजपार्ट करणारा रात्रभर तलवार गाजवतो. संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे रचायचे, समोरच्या पात्राला बोलण्यात हरवायचं. त्यासाठी जबरदस्त 'मी' लागतो. उजाडलं की रंग पुसायचा, पेटी उचलायची आणि पुढच्या गावच्या जत्रेला निघायचं. जो राजा स्टेजवर गुळमुळीत बोलला तो नट वाया गेला, आणि जो चहाच्या टपरीवरही राजासारखा बसला त्याला कंपनीत कोणी विचारत नाही.

मुख्याध्यापक, सरपंच, बँकेचे मॅनेजर, यांना पंचवीस-तीस वर्षांत रंग पुसायची वेळच येत नाही. लोक घरीही 'सर' म्हणतात, बायकोसुद्धा कधीकधी. मग एका ३१ मेला सगळं थांबतं. ग्रामसभेत खुर्ची मिळाली नाही, लग्नपत्रिकेत नाव खाली आलं, अशा बारीक गोष्टी रात्रभर जागवतात. यावर 'सोडून द्या' हा सल्ला निरुपयोगी आहे. पदाशी संबंध नसलेलं एखादं काम नोकरीत असतानाच हाताशी हवं. कलमं बांधता येणारा, भजनात पखवाज वाजवणारा निवृत्त माणूस बहुधा ठीक असतो. निवृत्तीनंतर पखवाज शिकायला बसणाऱ्याला आधी बेताल वाजवण्याची लाज पचवावी लागते, पण तोही सावरतो.

मुलांचं कौतुक केलं तर डोक्यात हवा जाते का?

कौतुक कोणत्या जातीचं, यावर आहे. नेदरलँड्समध्ये ७ ते १२ वयोगटातल्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'आमचं मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला जास्त मिळायला हवं' असं मानणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये पुढे आत्ममुग्धता वाढलेली दिसली. ज्यांना घरात माया मिळाली त्यांच्यात आत्मसन्मान वाढला. म्हणजे 'तुझ्यासारखा वर्गात कोणी नाही' हे टाळा, 'तू आलास, बरं वाटलं' हे भरपूर म्हणा. आपल्या आज्या हे दुसरं छान करायच्या. अर्थात नातवासाठी आंब्याची मोठी फोड बाजूला ठेवून नातीला बाठा द्यायच्या, तो इगो कसा घडवतो ते वेगळं सांगायला नको.

न्यूनगंड म्हणजे इगो कमी असणं का?

'माका काय येता, मी आपलो गरीब' असं सतत म्हणणारा माणूसही दिवसभर स्वतःबद्दलच विचार करत असतो. फक्त उत्तर दर वेळी उणं येतं. त्यात नम्रता कमी आणि दुखणं जास्त असतं. त्याला टोचून सुधारता येत नाही.

उलट बाजूही बघावी. मारामाऱ्या करणारे आतून स्वतःला कमी लेखतात, असं आपण सरसकट म्हणतो. रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याला आक्षेप घेतला. स्वतःबद्दल फुगलेलं मत असलेल्या माणसाला कोणी आव्हान दिलं की हिंसा जास्त संभवते, असं त्यांनी मांडलं. वाडीतल्या दहीहंडीची किंवा क्रिकेट टुर्नामेंटची फायनल पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

'नार्सिसिस्ट' म्हणजे इगोवालाच ना? आमचे सासरे तसे आहेत.

सासऱ्यांना मी भेटलेले नाही. आत्ममुग्ध व्यक्तिमत्त्व विकार हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० साली आलं. त्यात नऊ लक्षणं आहेत आणि निदान करायला किमान पाच लागतात, तीही दीर्घकाळ आणि सगळीकडे दिसणारी. सुनेने वाढल्याशिवाय ताट घेत नाहीत, एवढ्यावर ते होत नाही. इन्स्टाग्रामवरच्या रील बघून घरातल्यांना लेबलं लावण्याची सध्या साथच आहे.

स्वतःचा इगो दुखावलाय हे ओळखायचं कसं?

अवघड आहे, कारण इगो नेहमी समोरच्याचाच दिसतो. स्वतःतली नकोशी गोष्ट दुसऱ्यावर लादणं ही मनाची जुनी युक्ती आहे. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये अशा बचावाच्या युक्त्या नीट मांडल्या. मला उपयोगी पडलेल्या खुणा साध्या आहेत. एकच संवाद मनात पुन्हा पुन्हा चालतो आणि दर वेळी शेवटचं वाक्य आपलंच असतं. समोरच्याचं काही बिघडलं की आधी बरं वाटतं. मुद्द्यापेक्षा 'तो कोण मला सांगणारा' हे जास्त टोचतं. आणि तुमची बाजू न घेणारा प्रत्येक माणूस विकला गेलेला वाटू लागतो.

अबोला मोडायचा तर सुरुवात कशी करू?

जुन्या भांडणापासून करू नका. कोण चुकलं याचा निकाल लावायला बसलात की दुसरा अबोला तयार. कामाचं बोला. "शाकारणीला माणूस आलाय. तुमच्या बाजूची दोन कौलं सरकलीत, बसवून घेऊ?" याला 'हो' म्हणायला कोणाला नमावं लागत नाही. उत्तर पोरामार्फत आलं तरी चालेल, पुढच्या वेळी तुम्ही थेट विचारा.

चार लोकांदेखत करू नका, गणपतीत तर नकोच. पाव्हण्यांसमोर 'बघा, मी मोठ्या मनाने बोललो' असा देखावा होतो आणि समोरचा आणखी आत जातो. दुपारी, अंगणात, हातात काहीतरी काम असताना बोलणं सोपं जातं.

माफी मागायची असेल तर जेवढं आपलं तेवढ्याचीच मागा आणि वाक्य 'पण'पाशी नेऊ नका. "त्या दिवशी वहिनीला बोललो ते बोलायला नको होतं." इथे थांबायचं. समोरच्याने लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षा असेल तर आणखी थोडे दिवस थांबा.

आणि जिथे मारहाण, दारू किंवा फसवणूक आहे तिथे अबोला हे संरक्षण असू शकतं. तो मोडा असं मी सांगत नाही.

मदत हवी असेल तर कुठे जायचं?

सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाणारा प्रत्येक जण 'वेडा' नसतो, झोप लागत नाही म्हणूनही माणसं जातात. गेलात की 'त्याला इगो आहे' असं निदान घेऊन बसू नका. काय घडलं, कधीपासून, झोप आणि जेवण कसं आहे, कोणाशी बोलणं बंद आहे, तेवढं सांगा.